ॲस्टरचं वर्ष

गल्लीत घरं सहा. प्रत्येक घरापुढे अंगण आहे, पण ते एवढंसं की कपडे वाळत घातले तर माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. तरीही दर वर्षी या सहातल्या एका अंगणात उन्हाळा अर्धा सरला की ॲस्टर फुलायचे, आणि थंडीचा कडाका पडेपर्यंत फुलत राहायचे. पांढरे, गुलाबी, लालसर, आणि एक धुरकट जांभळा. हा जांभळा आपल्या गल्लीखेरीज कुठेच मिळत नाही, असं गल्लीचं म्हणणं होतं. गल्लीचं म्हणणं म्हणजे काही शास्त्र नव्हे. पण बियाणांच्या दोन दुकानांत विचारून झालं होतं आणि दोघांनीही "जांभळाच ना, हा घ्या की" म्हणून भलताच निळा गळ्यात मारला होता.

दर वर्षी अंगण वेगळं का, तर ॲस्टरचा स्वभाव. ज्या मातीत तो एकदा वाढला त्याच मातीत लगेच पुढच्या वर्षी लावला तर त्याला मर लागते. रोपं हातभर वाढतात, कळ्या धरतात आणि ऐन फुलायच्या वेळी माना टाकतात. एखाद्याला वाटेल, मग एखादं वर्ष लावूच नये. तर तेही चालत नाही. ॲस्टरचं बी फार टिकत नाही. यंदाचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर उगवणार, आणखी ठेवलं तर भरवसा नाही. एक वर्ष बुडालं की वाण गेलंच समजा. म्हणून गल्लीनं फेरा ठरवला होता. गल्लीच्या आतल्या टोकाच्या घरापासून सुरुवात, दर वर्षी एक घर पुढे, तोंडाशी पोचलं की पुन्हा आतल्या टोकाला. ज्याच्या अंगणात वाफा, त्याचं ते 'वर्ष'. पाणी घालायचं सगळ्यांनी, तण काढायचं सगळ्यांनी, फुलं जायची सगळ्यांच्या घरी. सहा घरांना हे जमलं होतं ते प्रेमापोटी नव्हे, धाकटीच्या धाकामुळे.

धाकटी म्हणजे भिंगताईची धाकटी बहीण. दोघी आतल्या टोकाच्या घरात राहायच्या. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. भिंगताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या गरम करून कानामागे वळवून द्यायच्या, आणि गिऱ्हाइकाला समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, "आता बरं दिसतंय, का मघाशी बरं होतं?" म्हणून ती भिंगताई. तिचं खरं नाव दुकानाच्या मालकाला ठाऊक असेल, तेही पगाराच्या दिवसापुरतं. धाकटी घरी बसून पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. तिला धाकटी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या भिंगताईचा, पण गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा तिला धाकटीच म्हणायची. अर्थात तिच्या पाठीमागे.

मोठी अबोल आणि धाकटीच्या नाकावर माशी बसायची नाही. मोठीनं जन्मात कुणाला अरेला कारे केलं नव्हतं, कारण ते खातंच धाकटीकडे होतं. घरमालकाशी, दूधवाल्याशी, रस्ता उकरून तसाच टाकून जाणाऱ्यांशी, भांडायचं ते तिनं. संध्याकाळी भिंगताई दुकानातून आली की चपला काढायच्या आत दिवसभराची भांडणं तिला तिखटमीठ लावून ऐकायला मिळायची. एकदा फ्रेमा विकत फिरणारा एक माणूस भिंगताईला मागणी घालायला घरी आला होता. बरा होता बिचारा. बोलता बोलता म्हणाला, "बहिणीचंही बघू काहीतरी." धाकटीनं त्याला असा काही फैलावर घेतला की तो चहा अर्धा टाकून गेला. भिंगताईला वाईट वाटलं का, हे धाकटीनं विचारलं नाही आणि मोठीनं सांगितलं नाही. त्यावरून दोघींत कधी वादही झाला नाही.

ॲस्टर आणले तेही धाकटीनंच. पहिल्या वर्षी अंगण असं फुललं की लोक गल्लीत शिरून बघून जायचे. दुसऱ्या वर्षी तिथेच लावले आणि चारदोन रोपं वगळता सगळे मेले. धाकटी मेलेलं रोप हातात धरून बियाणाच्या दुकानात गेली आणि तिथे तमाशा केला. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, बी चांगलं आहे, माती बदला." "माती बदला म्हणजे? अंगण काय उशीचा अभ्रा आहे?" असं म्हणून ती घरी आली, आणि संध्याकाळी तिची नजर शेजारच्या नर्सबाईच्या अंगणावर गेली. तिथून हा फेरा सुरू झाला. समोरचे मास्तर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. बी धरायचं आणि थंडी सरता सरता खिडकीतल्या खोक्यांत पेरून रोपं करायची, हे काम तिनं त्यांच्या गळ्यात टाकलं. "मास्तर, आता तुम्हाला पोरं नाहीत फळ्यापुढे, ही सांभाळा," असं तिनं त्यांना बजावलं होतं, आणि मास्तरांनी ते मनापासून मानलं.

तर गेल्या वर्षी वाफा होता गल्लीच्या तोंडाशी, बस ड्रायव्हरच्या अंगणात. म्हणजे यंदाचं वर्ष फिरून दोघी बहिणींचं. धाकटीनं पानगळ झाली तेव्हापासून तयारी चालवली होती. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात गल्लीभरची पानं कुजत घातली होती. "जांभळा पुढच्या रांगेत लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात भरला पाहिजे," असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. त्याच थंडीत तिच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेली, आणि ती काही परत आली नाही. नर्सबाई शेवटपर्यंत जवळ होती. भिंगताई बाहेर बाकावर बसली होती, आणि आत बोलावलं तेव्हा तिनं पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर धाकटीच्या चष्म्याची डावी काडी सैल झाली होती.

धाकटीला पोचवून आल्यावर भिंगताई रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला? तिला काही वाटतच नव्हतं. पोटात हात घालून बघावं तर तिथे काहीच हाताला लागू नये, तसं झालं होतं. आधी तिला वाटलं, उद्या रडू येईल. मग वाटलं, कामावर गेल्यावर येईल. मालकानं सांगितलेली सुट्टी अर्धी टाकून ती कामावर गेली. काचा घासल्या, काड्या वळवल्या, पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, गिऱ्हाईक विनोद करायचं तिथे वेळेवर हसली. एकदा फ्रेम गरम करायच्या भांड्यावर तिचा अंगठा टेकला आणि तसाच राहिला. मालक ओरडला तेव्हा तिनं बघितलं, तर फोड आला होता. दुखायला लागलं ते बऱ्याच वेळानं, आणि तेही फारसं नाही. आपण वाईट माणूस आहोत की काय, अशी शंका तिला आली. पण त्या शंकेचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

इकडे गल्ली एकदम चांगली झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. ज्यांनी धाकटीच्या नावानं बोटं मोडली होती ते तिच्या आठवणी काढून डोळे पुसायला लागले. भिंगताई गल्लीतून जायला लागली की बोलणारे बोलायचे थांबायचे. पोरांना दटावायचे, "हळू, ताई आल्या." रेडिओ बारीक व्हायचा. ड्रायव्हरची बायको, जिला सगळे ड्रायव्हरीणबाई म्हणतात, ती आधी फाटकातूनच "काय गं, आज उशीर?" असं ओरडायची. आता मान तिरपी करून, "बऱ्या आहात ना ताई?" असं विचारायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली भिंगताईच्या दारात यायची, कुणाचा स्क्रू ढिला, कुणाची काडी वाकडी. तेही बंद झालं. तिला त्रास नको म्हणून ड्रायव्हर चष्म्याला दोरा बांधून बस चालवत होता आणि मास्तरांचा चष्मा नाकावर इतका कलला होता की ते सगळ्या जगाकडे संशयानं बघताहेत असं वाटायचं. भिंगताईला ते दिसायचं. तिला तर पन्नास पावलांवरून सैल स्क्रू दिसतो. पण बोलावून घ्यावं, असं तिच्या मनात येत नव्हतं. भीक नको पण कुत्रं आवर, असं कुणालाही वाटावं इतकी ही माणुसकी झाली होती. भिंगताईला मात्र तेवढंही वाटलं नाही.

थंडी सरली, मास्तरांच्या खिडकीत रोपं बोटभर झाली, आणि एका संध्याकाळी मास्तर आणि ड्रायव्हरीणबाई भिंगताईकडे आले. दोघंही खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, आम्ही सगळ्यांनी विचार केला," मास्तर म्हणाले. "यंदा तुम्हाला ॲस्टरचा त्रास नको. खणाखणी, माणसांची ये-जा, रोज कोणीतरी पाण्याला येणार. तुम्हाला आता शांतता हवी."

"पण तुम्हाला ओलांडून पुढच्या घरी नेलं, असं नाही हं," ड्रायव्हरीणबाई घाईनं म्हणाली. "तसं मुळीच करणार नाही. धाकटीनं लावून दिलेला फेरा आहे, तो मोडायचा नाही. तुमचं वर्ष तुमच्यासाठी तसंच ठेवतो. हे एवढं एक वर्ष पुन्हा आमच्याच अंगणात लावू. माती खोल उकरू, भरपूर खत घालू. एका वर्षानं काय होतंय?"

आता हे ऐकून कुणीही कपाळावर हात मारून घेतला असता. धाकटीचा फेरा मोडू नये म्हणून धाकटीचा नियम मोडायचा! पण माणसं चांगुलपणाच्या भरात असली की त्यांना एवढं दिसत नाही. भिंगताईला दिसलं. 'त्याच मातीत लावू नका, सगळे मरतील,' हे वाक्य तिच्या घशाशी आलंही होतं. पण ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं काहीतरी असावं तसं तिला वाटलं. हे बोलायला जी ऊर्मी लागते ती तिच्याकडे नव्हती. असली वाक्यं बोलायची ती दुसरी, ती आता नव्हती.

"बरं," भिंगताई म्हणाली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं, ताई समजून घेतील," मास्तर ड्रायव्हरीणबाईला म्हणाले. दोघं गेल्यावर भिंगताईनं कप विसळले आणि पालथे घातले.

ड्रायव्हरच्या अंगणात रोपं लागली. मास्तरांनी सगळी लावली, हाताशी एकही राखून ठेवलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत वाफा असा तरारला की मास्तर रोज सकाळी नुसते उभे राहून बघायचे. ड्रायव्हरच्या मुलीनं शाळेची सुट्टी सगळी तण उपटण्यात घालवली. शेंडे खुडल्यामुळे रोपांना चांगले फुटवे फुटले. पाण्याचे वार सगळ्यांना वाटून दिले होते, फक्त भिंगताईला दिला नव्हता. ती कामावर जाता-येता फाटकापाशी क्षणभर थांबायची, कारण ड्रायव्हरीणबाई हाक मारून दाखवायची. "कसं वाटतंय, ताई?"

"छान आहे," असं भिंगताई म्हणायची आणि पुढे चालायला लागायची.

कळ्या धरल्या, टपोऱ्या झाल्या, एकदोन पांढरे उमलले. आणि एका सकाळी वाफ्यातल्या मधल्या रोपानं मान टाकली. भिंगताई कामावर निघाली होती. तिनं फाटकातून पाहिलं. त्या रोपाची एका बाजूची पानं पिवळी पडली होती आणि बुंध्यापासून वर, त्याच बाजूनं, एक काळसर पट्टा चढत गेला होता. असाच पट्टा तिनं पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या अंगणात बघितला होता, धाकटीच्या खांद्यावरून. तिला लगेच कळलं. ती क्षणभर उभी राहिली आणि दुकानात गेली. त्या दिवशी तिनं एका म्हातारीला तिच्या जन्मातला पहिला चष्मा बसवून दिला. म्हातारी आनंदानं तिचे हात सोडीना. भिंगताई तिला "सांभाळून वापरा" म्हणाली.

मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं सुरू झालं. उन्हानं झालं म्हणून वर चादर बांधली. पाणी कमी पडलं म्हणून मास्तर दोन वेळा पाणी घालायला लागले. या वयात झारी उचलून, कमरेत वाकून, सकाळी आणि संध्याकाळी. जितकं पाणी जास्त तितकी रोपं भराभर बसत होती. गुलाबी रांग गेली. लालसर अर्धी गेली. जांभळ्यातली निम्मी रोपं कळ्यांसकट वाळली. ड्रायव्हरीणबाई मुलीवर ओरडली, मुलगी रडली. हे सगळं भिंगताईच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. संध्याकाळी परत येताना ती फाटकावरून जायची तेव्हा सगळे गप्प व्हायचे आणि वाफ्यापुढे आडवे उभे राहायचे. तिला दिसू नये म्हणून. धाकटीचे ॲस्टर मरताना बघून तिला काय वाटेल, या काळजीनं. तिला काही वाटत नव्हतं. ती घरी जाऊन दिवा लावायची आणि बसायची.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नर्सबाई भिंगताईच्या घरात शिरली. रात्रपाळी करून आलेली, अंगावर अजून कामाचेच कपडे. दार वाजवलं नाही की 'येऊ का' म्हणाली नाही. तिच्या हातात मुळासकट उपटलेला ॲस्टर होता, जांभळा, कळ्या मिटलेल्याच. तिनं ओट्यावरची सुरी घेतली, बुंधा उभा चिरला आणि भिंगताईच्या नाकासमोर धरला. आत तपकिरी रेघा होत्या.

"हे काय आहे?"

"मर," भिंगताई म्हणाली.

"केव्हा कळलं तुला?"

"पहिलं रोप गेलं तेव्हाच." तिनं तो चिरलेला बुंधा हातात घेतला. "खरं म्हणजे मास्तर विचारायला आले तेव्हाच."

"आणि तू बरं म्हणालीस?"

"हो."

नर्सबाईनं सुरी आपटली. "आम्ही गाढवं होतो. मीसुद्धा. म्हटलं, हिला जरा मोकळं सोडू. पण तू तर गाढव नव्हतीस ना! म्हातारा दोन वेळा झाऱ्या उचलतोय. काल चक्कर येऊन पडला असता. त्या पोरीला वाटतंय तिच्या हातून झालं. आणि बी? आता बी कुठून आणायचं? जांभळा संपला की संपला. ज्या बाईनं जन्मभर जीव टाकला त्याच्यावर, तिची तू बहीण!"

भिंगताईच्या कानांना ते ऐकू येत होतं. आणि आणखीही काहीतरी होत होतं. तिचे कान गरम झाले होते. सहा महिन्यांत तिच्याशी कुणी या आवाजात बोललं नव्हतं.

"मला काही वाटतच नव्हतं गं," ती म्हणाली.

"नसेल वाटत! मी काय तुला रड म्हणतेय? तोंड उघडायला काय झालं होतं?"

भिंगताई उठली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. ती दाराबाहेर पडली ती घरातल्याच कपड्यांत, अनवाणी, आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली. मागून नर्सबाई. ड्रायव्हरच्या अंगणात मास्तर झारी तिरपी करून उभे होते आणि ड्रायव्हरीणबाई काठ्यांना रोपं बांधत होती.

"बंद करा ते पाणी!"

आवाज चिरका निघाला. मास्तर दचकले. झारीतलं पाणी त्यांच्या पायावर सांडलं.

"किती घालाल पाणी? पाण्यानं नाही जायचं ते! मर आहे ती, मातीत आहे! त्याच मातीत पुन्हा लावलं की मरतातच, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे!"

ड्रायव्हरीणबाई आधी थक्क झाली. मग तिचाही तोल गेला. "मग आधी बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं तुझं? रोज माझ्या फाटकावरून जातेस, रोज 'छान आहे' म्हणतेस! माझी पोर सगळी सुट्टी इथे मातीत बसली होती!"

"तू विचारलंस मला? कुणी विचारलं? सगळं ठरवून आलात आणि खुर्चीच्या कडेला बसून सांगितलंत, तुम्हाला शांतता हवी! कुणी सांगितलं मला शांतता हवी? माझ्या घरात शांतता कमी आहे का?"

"तुझ्यासाठीच केलं ना गं सगळं!"

"माणूस माझं गेलं," भिंगताई म्हणाली. "ते गेलं ते गेलं. पण वर्ष तर माझं होतं ना? ते का घेतलंत? पाण्याचे वार वाटलेत, मला एक दिला नाहीत. मी काय मेले होते का तिच्याबरोबर?"

गल्लीतली दारं उघडली होती. ड्रायव्हर दाराआडून बघत होता. मास्तरांनी झारी खाली ठेवली.

"चूक आमची आहे, ताई," ते म्हणाले.

"माझीही आहे, मास्तर. मला कळत होतं सगळं. पण जळलं तरी चालेल, असं झालं होतं."

"आणि आता?" ड्रायव्हरीणबाईनं विचारलं. ती अजून धापा टाकत होती.

"आता राग येतोय."

"येऊ दे की मग," ड्रायव्हरीणबाई म्हणाली. "नुसती उभी काय राहिलीस? कुठली काढायची आणि कुठली ठेवायची, ते सांग."

भिंगताई वाफ्यात उकिडवी बसली. तिनं एकेक बुंधा निरखून पाहिला. पट्टा असलेलं रोप ती मुळासकट उपटायची आणि मागे फेकायची, नर्सबाई ते पोत्यात भरायची. अर्ध्या तासात वाफा जवळजवळ रिकामा झाला. उरली ती मोजकी रोपं. त्यातल्या त्यात पांढरी जास्त, लालसर थोडी, आणि कडेला जांभळ्याची तीन, जी काही केल्या मान टाकायला तयार नव्हती. आजारी मातीत एवढे दिवस उभी राहिली म्हणजे चिवट असतील, असं मास्तर म्हणाले. ती फुलतील का, फुलली तर बी धरेल का, धरलं तर उगवेल का, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. मास्तरांनी त्या तिन्ही रोपांना दोरा बांधला, म्हणजे यांची फुलं कुणी तोडायची नाहीत.

"बी धरलं, तर पुढच्या वर्षी तुझ्याकडे," ड्रायव्हरीणबाई हात झटकत म्हणाली. "आणि सगळं अंगण तूच खणायचंस. मी येणार नाही."

"नको येऊस. तुला खणता तरी कुठे येतं!" भिंगताई म्हणाली.

ड्रायव्हरीणबाईनं तोंडाचा आ केला. मग नर्सबाईला हसू फुटलं, आणि मग ड्रायव्हरीणबाईलाही.

भिंगताई घराकडे निघाली. पाय भराभर पडत होते, तळव्यांना खडे टोचत होते आणि ते टोचत असल्याचं तिला कळत होतं. आपण काय बोललो ते ती मनात पुन्हा पुन्हा घोळवत होती. 'माझ्या घरात शांतता कमी आहे का' हे तर फारच झकास झालं होतं. मास्तरांच्या पायावर पाणी सांडलं ते सांगायचं. ड्रायव्हरीण काय म्हणाली तेही सांगायचं, जरा वाढवून, मान तिरपी करून, तिची नक्कल करून. खणता तरी कुठे येतं, यावर तर पोट धरधरून हसणार. जन्मभर त्या घरात भांडणं ऐकून घ्यायचं काम भिंगताईनं केलं होतं. आज पहिल्यांदा तिच्याकडे सांगायला स्वतःचं भांडण होतं. शेवटची चार पावलं ती जवळजवळ पळाली आणि तिनं दार ढकललं.

"अगं धाकटे, ऐकलंस का? मी भांडले आज! भर गल्लीत! ऐकलंस का गं?"

घरात कुणी नव्हतं.

भिंगताई उंबऱ्यावर थांबली. हाताला माती तशीच होती. मग ती खाली बसली, आणि तिला जे रडू फुटलं ते गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.